मथुराकाकीने बेतलेली सायकल

मथुराकाकी माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. आधी खांद्याकडे बघायची. रस्त्यात कुणीही भेटो, ओळखीचं असो नसो, हिचा हात गेलाच त्याच्या खांद्याच्या शिवणीवर. "कोनी शिवलं हे?" उत्तर येईपर्यंत नाक मुरडून झालेलं असायचं. एका लग्नात तर तिने साक्षात नवरदेवाचा कोट मागून ओढून बघितला. "पोरगा चांगला हाय, कोट उसना हाय," एवढं बोलून ती जेवायला बसली. कोट खरोखरच उसना निघाला.

पनवेलला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर तिची एक खोली आणि शिलाई मशीन होतं. माहेर खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून पोट शिवणावर. शिवलेले कपडे ती स्वतः गावोगाव पोचवायची, आणि तेही सायकलवरून. सायकल पुरुषांची, मध्ये दांडी असलेली. कासोटा घालून गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, मागे कॅरियरला गाठोडं, आणि मिठागराच्या बांधावरून ही बाई सुसाट. बांध केवढा, तर जेमतेम वीतभर. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला खारं पाणी. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "हसूंदे," काकी म्हणायची, "सन आला का बिलाउजपीस घेऊन माज्याच दारात उभ्या."

आणि खरंच उभ्या असायच्या. फक्त तिचा एक हट्ट त्यांना सोसायचा नाही. काकी वाढत्या अंगाचं शिवायची नाही. आता मला सांगा, आपल्याकडे मध्यमवर्गात कुठल्या मुलाने स्वतःच्या मापाचा कपडा घातलाय? फ्रॉक घोट्यापर्यंत, हाफपँट गुडघ्याखाली, बूट पुढे कापूस कोंबून. आईने एकदा माझा गणवेश शिवायला टाकताना भीत भीत म्हटलं, "मथुराताई, जरा वाढता ठेवा हो." काकीने कापड परत आईच्या हातात दिलं. "पोर आज शालेत जातेय ना? मंग आजचं माप. वाढंल तवा परत ये, मी काय पलून चाललेय?"

मी अकरावीत होते तेव्हा मला सायकलचं वेड लागलं. साधं नव्हे, रानावनातून, दगडधोंड्यांतून पळवायचं. मैत्रिणीची सायकल मागून मागून चालवायचे. जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी अशाच आडवाटेच्या शर्यतीतून निवड होणार होती, पहिल्या चौघींची. मी घर डोक्यावर घेतलं. बाबा सरकारी कचेरीत कारकून, एक एक वस्तू दहा वर्षं पुरवणारा माणूस. शेवटी ते तयार झाले, पण अटीवर. "निवड झाली तर सायकल तुझी आणि सरावही चालू. नाही झाली तर सायकल धाकट्याची, आणि तू निमूट अभ्यासाला लागायचं." माझा धाकटा भाऊ तेव्हाच माझ्यापेक्षा चार बोटं उंच होता आणि गालातल्या गालात हसत होता. असा राग आला म्हणता!

दुकानात जायला निघालो तर काकी दारातच पाटावर बसलेली. "कुटं?" बाबांनी सांगितलं. ती उठली, चपला घातल्या आणि आमच्याबरोबर चालायला लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण "तुम्ही कशाला येता" असं तिला विचारायची बाबांची छाती नव्हती.

दुकानात माझा जीव एका सायकलवर जडला. लालभडक, पुढेही शॉकअप, मागेही शॉकअप, सीटखाली ही एवढी जाड स्प्रिंग. तेव्हा नुकत्याच त्या निघाल्या होत्या आणि पनवेलभर पोरं त्यांच्यापायी वेडी झाली होती. बाबांनाही ती पसंत पडली, कारण ती मोठी होती. "पुढे दोघांनाही होईल," ते म्हणाले.

"चालव," काकी मला म्हणाली. "रस्त्यावर चढ हाय तिकरं. उभं राहून पायडल मार."

मी मारलं. सायकल घोड्यासारखी खालीवर व्हायला लागली. "बग, बग," काकी तिथूनच ओरडली, "तू खाली दाबतेस, ती इस्प्रिंग दाबतेय. चाकाला काय भेटतंय? तुजी अर्दी ताकद तीच खातेय!" मग तिने ती सायकल कमरेपर्यंत उचलून पाहिली आणि धाडकन खाली ठेवली. "वाटेत वढा लागला तर हिला खांद्यावर घेशील? का वढ्यालाच सांगशील, बाजूला हो?"

कोपऱ्यात एक राखाडी सायकल उभी होती. फक्त पुढे शॉकअप, मागे साधी ताठ चौकट, रंगाचा थाट नाही. काकीने तीच बाहेर काढली. मला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं आणि दांडी आणि मी यांच्यामध्ये स्वतःची चार बोटं घालून बघितली. बाबा लाजून रस्त्यावरची रहदारी बघायला लागले. "हां," काकी म्हणाली, "ही तुज्या मापाची."

"अहो पण लहान आहे ही," बाबा कळवळले. "पुढच्या वर्षी..."

"शर्यत पुडच्या वर्साला हाय का, भाऊ?"

दुकानदार मदतीला धावला. "काकी, मोठीच घ्या ना. सीट खाली करून देतो."

"सीट खाली करशील रे बाबा. डांडी कापून देशील?"

दुकानदाराने पावतीपुस्तक काढलं. राखाडी सायकल घरी आली आणि मी दोन दिवस काकीशी बोलले नाही. भाऊ तिला गाढव म्हणायचा, आणि मलाही ते पटायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे काकीने माझं पांघरूण ओढलं. "रुसायचं ते सायकलीवर बसून रुस." मिठागराच्या बांधावर नेलं. मी चार वेळा चिखलात पडले. काकी हसून हसून बेजार. "चाकाकरं बगू नको गो बाय. जिकरं जायचं तिकरं बग." महिनाभर हेच चाललं. महिन्याच्या शेवटी मी त्या बांधावरून एक हात सोडून जायला लागले आणि माझा रुसवा कधी गेला ते मला कळलंच नाही.

शर्यत बेलपाड्याच्या बाजूच्या डोंगरउतारावर होती. खारघरचे टॉवर तेव्हा कुठे होते! शेतं, पायवाटा आणि मधे एक ओढा. माझ्या पुढे एक मुलगी होती, तीच लालभडक डबल शॉकअपवाली सायकल घेतलेली. चढावर मी तिला मागे टाकलं. ओढ्यात ती सायकल ओढत होती, मी माझी खांद्यावर टाकून पार झाले. पण उतारावर ती दगडांवरून उडत आली आणि भुर्रकन पुढे निघून गेली. माझी हाडं खिळखिळी होत होती. आई शप्पथ सांगते, त्या क्षणी वाटलं, काकी चुकली, संपलं सगळं, सायकल गेली धाकट्याच्या घशात. डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा चढ समोर दिसला तशी मी उभी राहिले आणि जीव तोडून पायडल मारत सुटले. प्रत्येक पायडलला सायकल पुढे जात होती, जराही ताकद वाया जात नव्हती. चढाच्या टोकाला ती मुलगी श्वास घ्यायला थांबल्यासारखी वाटली. मी थांबले नाही.

चौथी आले. हसू नका, चौघींचीच निवड होती.

निवड झालेल्या मुलींच्या पालकांना टेबलापाशी एक फॉर्म भरायचा होता. बाबांनी खिशातलं पेन काढलं. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं कचेरीतल्या टपोऱ्या अक्षरात. मग "प्रशिक्षकाचे नाव" असा रकाना आला. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "कोच नसेल तर कॉलेजच्या सरांचं टाका, चालतं." बाबा थांबले. मागे वळून बघितलं. काकी मातीत उकिडवी बसून माझ्या सायकलच्या चाकात अडकलेलं गवत काढत होती. बाबांनी विचारलं, "मथुराताई, तुमचं पूर्ण नाव काय हो?" पंधरा वर्षं शेजारी राहून आम्हाला ते माहीत नव्हतं.

तिने सांगितलं. बाबांनी लिहिलं. काकीला वाचता येत नव्हतं. ती उठून जवळ आली आणि कागदाकडे संशयाने बघायला लागली. "काय लिवलंत?"

बाबांनी वाचून दाखवलं. "प्रशिक्षक, श्रीमती मथुराबाई हिराजी पाटील."

काकीने लुगड्याला हात पुसले, पदर खांद्यावर नीट घेतला. मग म्हणाली, "जलम गेला कापडं शिवन्यात भाऊ, कदी कुटं माजं नाव लागलं नाय. परत वाचा बगू."

बाबा, जे घरातसुद्धा हळू आवाजात बोलायचे, त्यांनी परत वाचलं, चांगलं मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.