भाईसरांचं टपाल

भाईसर कॉम्प्युटरशी भांडायचे, तेही मोठ्यानं. "आरं, नीट ऐक की!" असं ओरडले की क्लासमधली मुलं हसायची. भोरमधल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी विंझरहून एसटीने शिकवायला जायचे.

त्यांची मुलगी तबस्सुम स्नायू झिजण्याच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी उपाय नसल्याचं सरळ सांगितलं होतं. भाईसरांनी मग इंटरनेटवर अशा मुलांच्या आईबापांचा एक गट शोधला. एकाने लिहिलेली मेल सगळ्यांना जायची आणि जगभरातून उत्तरं यायची. सकाळी फोनची लाइन जोडून मेल उतरवली की नुसता ढीग.

त्या ढिगात एकदा तिच्या धापेबद्दल त्यांनीच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बुडालं. सापडलं तेव्हा ती दवाखान्यात होती.

त्यानंतर ते मेलच्या प्रोग्रॅमच्या मागेच लागले. मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींमधला एकेक टाकून बघायचे. एक दिसायला देखणा, पण जुनं काही शोधायला गेलं की अडकायचा. दुसरा लाइन तोडली की काहीच उघडायचा नाही. "रंग काय चाटायचेत? सवालाखाली जवाब दिसाय पायजे, ताई!" शेवटी एक रूक्ष, करडा प्रोग्रॅम पसंत पडला. गटाच्या मेल तो आपोआप वेगळ्या कप्प्यात टाकायचा आणि प्रत्येक प्रश्नाखाली त्याची उत्तरं लावायचा. त्या हिवाळ्यात तबस्सुमला दवाखाना लागला नाही. घरी भाभी कितीतरी दिवसांनी हसून बोलल्या.

पावसाळ्यात तिच्या छातीत कफ भरला, आणि ती गेली.

काही दिवसांनी भाईसर क्लासमध्ये आले. गटाला दोन ओळी कळवल्या. दुसऱ्या सकाळी त्या ओळींखाली सांत्वनाच्या मेलची रांग लागली होती.

"गटातून नाव काढू का?" मी हळूच विचारलं.

"नगं."

त्या रांगेखाली एका नव्या आईचा प्रश्न होता. झोपवलं की तिच्या मुलाचा श्वास कोंडत होता. सगळे सांत्वन लिहीत होते, त्यामुळे तिला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. भाईसरांनी जुनी उत्तरं काढली, मोडक्या इंग्रजीत सावकाश लिहिलं. खाली सही केली, 'तबस्सुमचे अब्बा'. त्या दिवशी ते कॉम्प्युटरवर ओरडले नाहीत, नंतरही कधी नाही.

क्लास बंद झाला तेव्हा सामान आवरायला मी गेले होते. न वाचलेल्या मेल त्या प्रोग्रॅममध्ये जाड अक्षरांत दिसायच्या. सांत्वनाची ती सगळी रांग अजून जाडच होती.