शिंपीकाकांच्या चार चाली

काकूंना झटका आला, उजवा हात गेला आणि शब्दही गेले. सूर मात्र राहिले. दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दर बुधवारी आजारी माणसांचा गाण्याचा वर्ग भरायचा. तिथे काकू पहिल्यांदा गुणगुणल्या, तेव्हा शिंपीकाका गळ्यातली टेप ओली होईपर्यंत रडले.

मग घरी त्यांनी डोकं लढवलं. चार बिनशब्दांच्या चाली बांधल्या: एक पाण्याची, एक संडासाची, एक 'दिवा मालवा'ची आणि एक दुखण्याची. मशीन मारता मारता सहा महिने काकूंकडून घोटून घेतल्या.

"माझ्यापेक्षा तुझा सूर सरळ आहे गं."

काकू डोळे वटारायच्या. म्हणजे, त्यात काय नवल!

वर्गाच्या बाईंनी एकदा विचारलं, "काका, काकू हे काय गुणगुणतात?"

"ते... आमचं घरातलं आहे."

"अगंबाई, या वयात?" हॉल खदखदून हसला. काकाही लाजून हसले, पण सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचं असं खास काही नव्हतंच. हे एक होतं, ते चारचौघांत वाटायला जीव होईना.

एका बुधवारी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही अडली होती. काकूंना हॉलमधल्या खुर्चीत बसवून काका म्हणाले, "आलोच अर्ध्या तासात."

परतताना जिन्यातच ऐकू आलं. दुखण्याची चाल. एकट्या काकूंची नव्हे, वीस-बावीस जणांची, टाळ्यांसकट. काका धावत वर गेले. मधोमध काकू, घामाने निथळलेल्या, नजर दाराकडे.

"हृदय," डॉक्टर म्हणाले. "थोडं आधी आणलं असतं तर..."

आठवड्याने बाई घरी आल्या. रडून रडून डोळे सुजलेले.

"शेवटपर्यंत गात होत्या हो काका! आम्ही सगळ्यांनी साथ दिली. एवढंच समाधान. आता दर बुधवारी त्यांची तीच चाल म्हणायची ठरवलंय. कसली आहे हो ती?"

काकांनी तोंड उघडलं. बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मिटलं.

"तिला आवडायची," ते म्हणाले.

"मग सुरुवात तुम्हीच करून द्यायची हं."

बुधवारी काका गेले. बेसूर का होईना, पहिली ओळ त्यांनी धरली. दुसऱ्या ओळीला हॉलने चाल उचलली, टाळ्या पडू लागल्या. काकांचे हात तेवढे मांडीवरून उठले नाहीत.