तलावाच्या पाळीवरची तोंडी परीक्षा

माझी पीएचडीची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती आणि नेमकी त्याच दुपारी चामोर्शीजवळच्या आमच्या गावातली वीज गेली. मोबाइलला नेटवर्क मिळायचं ते फक्त तलावाच्या पाळीवर. मग उपड्या घमेल्यावर लॅपटॉप ठेवून मी तिथेच मांडी घातली. आई छत्री धरून उभी राहिली, माझ्यावर नव्हे, लॅपटॉपवर. खाली आमच्या शेतात काकू आणि सात-आठ बायांची धानाची रोवणी चालली होती.

माझा विषय जड अणुकेंद्रकांच्या टकरी. शिशाची दोन केंद्रकं प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळली की क्षणभर एक अतितप्त थेंब तयार होतो. तो कुठे दाट होता, कुठे विरळ, याची खूण बाहेर उडणाऱ्या कणांत उरते. विश्वाच्या बालपणापासून आकाशभर पसरलेल्या प्रारणातही अशाच खुणा आहेत, आणि त्या मोजायचं गणितही पुष्कळसं तसंच. हे सांगताना मला नेहमीच चेव येतो. त्या दिवशी तर मी इंग्रजी विसरून, हातवारे करत मराठीतच अक्षरशः ओरडत होते.

खालची रोवणी थांबली. परीक्षक काही विचारणार तोच काकूंनी कमरेवर हात ठेवून आवाज दिला, "काऊन वं पोरी, आभाळ त एकच हाय. तुह्या टकरा किती?"

"कोट्यवधी, काकू!"

"मंग बराबरी कशी करून राह्यली?"

स्क्रीनवरचे मुख्य परीक्षक हसायलाच लागले. "मी हेच विचारणार होतो. उत्तर त्यांनाच द्या."

मी लॅपटॉपकडे पाठ केली. "टक्कर घडीघडी करता येते, काकू. दुसरं विश्व कुठून आनू? एकाच आभाळाचे तुकडे पाहून भागवा लागते. थोडी शंका राह्यतेच."

"खरं सांगून राह्यली," काकूंनी परीक्षकांना परस्पर कळवून टाकलं.

दहा मिनिटांनी निकाल आला, "अभिनंदन, डॉक्टर." मी उडी मारली, पाय घसरला आणि थेट गुडघाभर चिखलात उतरले. बायांनी मला वर काढायचं सोडून आणखी चिखल फासला. आई हसता हसता खाली बसली. आम्ही सगळ्याच किंचाळत होतो.

कॉल बंद करायचा राहिला होता.