अँबेसडरमधले लाल आकडे

मागं एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पोरगा नव्या गाडीचं कौतुक सांगत होता. डॅशबोर्डवर म्हणे टीव्हीएवढा पडदा! मी सहज म्हणालो, "आम्ही जालन्यात अँबेसडरला आकड्यांचे मीटर लावून राह्यलो होतो, तेव्हा..." बस्स! एवढं निमित्त पुरलं. गॅरेजातल्या किश्श्यांचं वायरिंगसारखं असतं. एक वायर ओढायला जावं तर तिच्या मागं दहा बाहेर येतात. वाढपी येऊन येऊन गेले, माझी जिलबी पानातच राहिली, अन् समोरच्या ओळीतले लोक हात धुऊन परत येऊन बसले.

नव्वदचं दशक संपत आल्तं तेव्हाची गोष्ट. भोकरदन नाक्याजवळ आम्ही तिघं होतो. माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान. त्याच शेडमध्ये सलीमभाई, इंजिनचा मिस्त्री. अन् भिंतीला भिंत लागून भीमरावचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तेव्हा गावात जुन्या गाड्या पुष्कळ. इंजिनं ठणठणीत, पण मीटर मेलेले! स्पीडचा काटा नुसता थरथरायचा, पेट्रोलचा काटा कायमचा झोपलेला. नवे काटे कुठं मिळायचे न्हाईत.

एके दिवशी भीमराव आला तो हातात लाल आकड्यांचा डबा घेऊन. "काटे कशाला शोधून राह्यलास? आकडे लावू!"

"गाडीत?"

"मंग काय बैलगाडीत?"

\*

पहिला प्रयोग अर्थातच माझ्या स्वतःच्या अँबेसडरवर. जुने गोल मीटर काढले, मागची पट्टी कापली, पुढं लाल काच बसवली. सलीमभाईनं गिअरबॉक्सपाशी, जिथं स्पीडची केबल लागते तिथं, चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर बसवला. मी वायरा ओढल्या. भीमराव हातात सोल्डरिंगची बंदूक घेऊन डॅशबोर्डखाली उताणा. आम्हाला जेवणाची शुद्ध न्हाई! चहावाला, पंक्चरवाला, शेजारचा टेलर, सगळे काम सोडून खिडकीत डोकी घालून उभे.

"लाव चावी!" भीमराव ओरडला.

मी चावी फिरवली. आता हे मीटर असं, की चालू झाल्याबरोबर सगळे दिवे नीट आहेत का हे ते आधी स्वतःच तपासायचं. म्हणजे क्षणभर सगळे आकडे एकदम पेटायचे. ते आम्ही कुणाला सांगितलं न्हवतं.

स्पीडच्या जागी लखकन आलं, ८८८!

टेलर दोन पावलं मागं सरला. चहावाल्यानं किटली छातीशी धरली. सलीमभाई गाडीखाली होता, तिथून म्हणाला, "क्या हुआ? कितना दिखा रहा?"

"आठशे अठ्ठ्याऐंशी!"

"या अल्ला! जल्दी बंद कर! मी खाली आहे!"

\*

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला न्हाई. सरकीचा धंदा करणारे एक शेठ आले. त्यांचं परतूरला रोजचं जाणंयेणं. म्हणाले, "सगळं सोडा, मला फक्त पेट्रोल खरं कळलं पाहिजे. माझा काटा मला आयुष्यभर फसवून राह्यला."

लावलं. टाकी बरोबर अर्धी होती, मीटरनं दाखवलं पन्नास. एकदम बराबर! शेठनी आम्हा तिघांना पेढे दिले अन् गेले.

दोन-चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत न्हवता. "अरे, काय लावलंय काय तुम्ही! पन्नासवर गाडी दिली, आज सत्तर दाखवून राह्यली! मी थेंबसुद्धा टाकला न्हाई!"

मी भीमरावकडं पाहिलं. भीमरावनं डोक्याला हात लावला. टाकीतल्या तरंगत्या गोळ्याच्या वायरा उलट्या लागल्या होत्या. अर्ध्या टाकीला सुलटं काय अन् उलटं काय, पन्नासच दिसणार!

"शेठ, गाडी घेऊन या, जल्दी या," मी म्हणालो.

"छे! आत्ता कशाला? शंभर झाल्यावर येतो!" अन् फोन ठेवला.

पुढचा फोन परतूरच्या रेल्वे गेटाजवळच्या एसटीडी बूथवरून. या वेळी आवाज रडवेला.

"दादा, टाकी फुल्ल झाली अन् गाडी बंद पडली!"

\*

एका डॉक्टरांची गाडी त्यांचा कंपाउंडर चालवायचा. अतिशय काळजीचा माणूस. पेशंटला इंजेक्शन देताना याचेच डोळे भरून यायचे. डॉक्टरांना इंजिनाचं टेंपरेचर दाखवणारं मीटर पाहिजे होतं, कारण उन्हाळ्यात अंबडच्या रस्त्यावर गाडी एकदा तापून उभी राहिली होती.

भीमरावकडं आलेलं ते मीटर फॅरेनहाइटमधलं निघालं, म्हणजे ठणठणीत इंजिनालाही एकशे ऐंशीच्या आसपास दाखवणारं. चालतं की, आम्ही म्हणालो, डॉक्टरांच्या गाडीला फॅरेनहाइटच शोभतं! डॉक्टर हसले. त्यांनी ते कंपाउंडरला समजावून सांगायचं ठरवलं अन् विसरले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एका घरी व्हिजिटला गेले. बाहेर येऊन पाहतात तर रस्त्यावर ही गर्दी! कंपाउंडरनं बॉनेटवर ओल्या पट्ट्या ठेवलेल्या. एक सुकली की दुसरी, एक सुकली की दुसरी. घाम पुसत तो डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, एकशे अठ्ठ्याहत्तर होता. एकशे साठवर आणलाय. आता तुम्ही बघा!"

डॉक्टरांनी त्या माणसाला भर रस्त्यात मिठी मारली. हे मला स्वतः डॉक्टरांनी सांगितलं. आणि सांगितलं की मीटर बदलू नका, तसंच राहू द्या.

\*

मग लग्नसराई आली. आकड्यांची गाडी वरातीला पाहिजे म्हणून माझ्या अँबेसडरला सारखी मागणी. फुलांच्या माळा, पुढं बँड, मागं नवरा-नवरी, अन् पुढच्या सीटवर माझ्या शेजारी नवरीचे मामा. मामा धावडा गावचे. डोक्याला गुलाबी फेटा, मांडीवर नारळ.

त्या मीटरमध्ये तेव्हा एक खोड होती. हॉर्न दाबला की वायरीतून काहीतरी गडबड आत जायची अन् स्पीडचा आकडा उसळी मारायचा. वरातीत तर हॉर्न दाबावाच लागतो!

गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. आकडा तीन. चार. पुन्हा तीन. मामा कौतुकानं बघून राह्यले. समोर पोरं नाचायला थांबली, मी हॉर्न दाबला. आकडा एकशे बेचाळीस!

मामांनी दाराचा दांडा धरला. मी पुन्हा हॉर्न दाबला. एकशे सदुसष्ट! मामांनी डोळे मिटले. आता बाहेर बँड, फटाके, लोक नाचून राह्यलेत, गाडीच्या बाजूनं बाया पायी चालत आमच्या पुढं निघून जातात, अन् हा माणूस डोळे मिटून देवाचं नाव घेतोय!

शेवटी मामांनी एक डोळा किंचित उघडला, बाहेर पाहिलं अन् घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमच्या जालन्याच्या बाया काय पळतात हो!"

दुसऱ्या दिवशी भीमरावनं टीव्हीच्या अँटेनाची जाड वायर आणून सेन्सरला लावली. आकड्याची उसळी बंद झाली. वरातीतली मजा पण.

\*

सलीमभाईच्या ओळखीनं एक म्हातारे नवाबसाहेब आले. नवाब वगैरे काही उरलं न्हवतं, पण निजामाच्या काळात वडिलांनी हैदराबादेत घेतलेली विलायती गाडी त्यांनी लेकरासारखी जपली होती. डॅशबोर्ड सगळा अक्रोडाच्या लाकडाचा. आरशासारखा! त्यांना पुतणीच्या लग्नाला ती गाडी स्वतः चालवत औरंगाबादला न्यायची होती. म्हणून इंजिनाचं टेंपरेचर अन् ऑइल खात्रीनं कळायला पाहिजे होतं.

"मगर," ते म्हणाले, "लाकडाला एक छेदसुद्धा पडला तर मी इथून पायी घरी जाईन अन् परत तुमचं तोंड पाहणार न्हाई."

आम्ही तिघं त्या लाकडासमोर नुसते उभे. शेवटी सलीमभाईला सुचलं. डाव्या बाजूला सामान ठेवायचा झाकणाचा खण होता, त्याच्या आत मीटर बसवायचे! झाकण उघडलं की लाल आकडे, लावलं की पुन्हा जुनी गाडी. एक खिळा बाहेर ठोकायला नको.

लावलं. नवाबसाहेबांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, अलगद लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. लहान मुलासारखे हसले.

तेवढ्यात त्यांचे एक दोस्त रस्त्यानं जाताना थांबले. "अरे मियाँ, असा लपवून काय ठेवला? बाहेर तरी लावायचा!"

नवाबसाहेबांनी झाकणावर हात ठेवला अन् म्हणाले, "नई दुल्हन है. कुछ दिन तो पर्दे में रहेगी!"

\*

अण्णांची गाडी आली तोवर आमचा हात चांगला बसला होता. अण्णा म्हणजे कोर्टातून रिटायर झालेले कारकून. केदारखेड्याला शेती, जालन्यात घर. सहा फूट उंच, आवाज खणखणीत. सगळी हयात त्यांनी तीच पांढरी अँबेसडर चालवली. भाच्यानं गाडी आमच्याकडं आणून सोडली, अण्णा मागून रिक्षानं आले.

"आकड्यांचे मीटर लावा," ते म्हणाले. "पण आकडे मराठी पाहिजेत."

"मराठी?" भीमरावला वाटलं त्यानं चुकीचं ऐकलं.

"एक, दोन, तीन. आपले. अन् मोठे पाहिजेत. नावं पण मराठीत लिहा."

"अण्णा, तुमची सगळी नोकरी इंग्रजी कागदांत गेली..."

"पाहिजेत म्हणलं ना मी!"

कोर्टाचा निकाल लागला, विषय संपला. निघताना म्हणाले, "अन् ड्रायव्हरची सीट पार पुढं सरकवा. वर एक गादी पण शिवून टाका, चांगली जाड."

ते गेल्यावर सलीमभाई म्हणाला, "सहा फुटाचा माणूस. सीट पुढं अन् वर गादी? टप फोडून डोकं बाहेर काढणार का?"

पण भीमरावच्या अंगात वारं शिरलं होतं. मराठी आकड्यांचे मीटर बाजारात मिळतच न्हवते! त्यानं बारीक लाल दिव्यांची जाळी आणली. चौकटीच्या कागदावर एकेक आकडा काढायचा, कोणता दिवा पेटवायचा, कोणता विझवायचा ते ठरवायचं. एक झाला, दोन झाला, सात तर एका फटक्यात झाला! अडला पाचावर. सलीमभाईला दाखवला की तो म्हणायचा, "हे चार आहे." सुधारून दाखवला की म्हणायचा, "आता चिमटा झाला." मी म्हणालो, जाऊ दे, कळेल तसं. भीमराव म्हणाला, "बिलकुल न्हाई! पाचाला पाचच वाटलं पाहिजे!" अन् ज्या सकाळी सलीमभाई न विचारता "पाच!" म्हणाला, त्या सकाळी भीमरावनं सगळ्या नाक्याला चहा पाजला.

गाडी तयार झाली तेव्हा अण्णा आले, बरोबर काकू. काकू बुटक्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. आम्ही मोठ्या उत्साहानं दार उघडून चावी फिरवली. लाल आकडे झळकले. आता अण्णा काय म्हणतात!

अण्णा वाकले. चेहरा पार डॅशबोर्डजवळ नेला. हात पुढं करून काचेवरून बोट फिरवलं.

"लावलं का चालू?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. भीमराव हळूच म्हणाला, "चालूच आहे, अण्णा."

अण्णा सरळ झाले. "हं," म्हणाले. "मंग तिला दाखवा."

काकू पुढं आल्या अन् शाळेतल्या पोरीसारख्या मोठ्यानं वाचायला लागल्या, "पेट्रोल, पंचेचाळीस. टेंपरेचर, अडतीस. स्पीड, शून्य." मग भीमरावकडं वळून म्हणाल्या, "पाच लई छान आलाय रे!"

भीमराव पुढं होऊन बाहीनं काच पुसायला लागला.

अण्णा बॉनेटला हात लावत लावत गाडीला वळसा घालून गेले अन् डाव्या बाजूला बसले. काकूंनी पदर कमरेला खोचला, चपला काढून मागं टाकल्या अन् चढून गादीवर बसल्या, स्टिअरिंगसमोर!

"काकू," सलीमभाई चाचरत म्हणाला, "वो... लायसन?"

काकूंनी पिशवीतून काढून त्याच्या हातात दिलं. "नवंच आहे. फोटो नको बघू, वाईट आलाय."

इंजिन सुरू झालं. एक धक्का, दुसरा धक्का, अन् पांढरी अँबेसडर नाक्यावर उतरली. आम्ही तिघं रस्त्याच्या मधोमध उभे. उघड्या खिडकीतून अण्णांचा तो कोर्टातला आवाज आला,

"किती?"

"नऊ!"

"आता?"

"पंधरा! अहो, बावीस झाले!"

"फक्त? दाब की!"