दुपारच्या गाडीची ठिणगी

इंजिनाच्या टपावरचा पेंटो, म्हणजे वरच्या तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा, क्षणभर जरी सुटला तरी निळी ठिणगी उडते. ती टिपून जवळच्या खांबाचा नंबर सांगणारं यंत्र इंजिनावर नवंच बसवलं होतं. एप्रिलमध्ये त्याने नेमका, मी रेल्वेच्या तारेची देखभाल करतो त्या हद्दीतला खांब धरला, तोही बडनेऱ्याजवळच्या आमच्या शेताला लागून असलेला.

मी दोनदा सकाळी जाऊन तार तपासली. ठणठणीत. ‘दोष नाही’ लिहून सही ठोकली. साहेब म्हणाले, “मग तुमच्या शब्दावर यंत्र परत पाठवतो.”

पण मला चैन पडेना. यंत्राचं माझ्याशी काय वैर? जेवताना आईपाशी विषय काढला. तिचा जन्म त्या रुळांशेजारी निंदण करण्यात गेला.

“ठिणगी तं पडते,” ती म्हणाली. “दुपारच्या गाडीले. सकाळच्या गाडीले काईच नाई.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“तू इचारलं काहून नाई?”

दुसऱ्या दिवशी भर उन्हात साहेबांना घेऊन गेलो. उन्हाने तार लांबते, तेव्हा ती ताणून धरायला खांबाला टांगलेली लोखंडी वजनं खाली येतात. इथे ती मध्येच टेकली होती, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या गंजीवर. तार सैल पडली होती. गाडी आली आणि ठिणगी उडाली. कोडं सुटल्याचा मला चक्क आनंद झाला.

“गंजी कोणी रचली?” साहेबांनी विचारलं.

“म्या रचली,” आई शेताच्या धुऱ्यावरून म्हणाली. “मले अडाणीले काय समजते, साहेब.”

ती खोटं बोलत होती. जानेवारीत कपाशी उपटली तेव्हा सुटीच्या दिवशी गंजी मीच रचली होती. थंडीत वजनं वर गेलेली, खाली ऐसपैस जागा. इतकी वर्षं तारेची नोकरी करून मला तिथे फक्त जागा दिसली.

“नाही साहेब, मी रचली,” मी म्हणालो. लाजेने कान तापले. अहवालातही तेच लिहिलं. यंत्र राहिलं.

संध्याकाळी पऱ्हाट्या घरी नेताना आई म्हणाली, “म्या अंगावर घेतलं होतं, मंग तू काहून बोलला?”

“तुले कोनी अडाणी समजलेलं मले नाही चालत.”

तिने डोक्यावरचा भारा सावरला.

“मंग सही ठोकायच्या आधी मले इचारत जाय.”