बाल्कनीतला मणका

माझ्या पाठीचा किस्सा सांगायचा तर अकलेचाही सांगावा लागतो, कारण दोन्ही वाकड्या निघाल्या.

तिसऱ्या वर्षी इंजिनिअरिंग सोडलं आणि जयनगरच्या एका जिममध्ये ट्रेनर व्हायचं ठरवलं. जिमचे मालक अण्णा. त्यांची अट एकच: तुझा मणका थोडा वाकडा आहे, फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी आण, मग कामाला ये.

घरी बाबा. तीस वर्षं सरकारी कारखान्यात ड्रॉइंग तपासून निवृत्त, आता मला तपासतात. त्यांच्या मते वजन उचललं की मी कायमचा वाकणार. हे कुठून कळलं? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून! हाडांच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं: बाक किरकोळ आहे, खुशाल उचल, हळूहळू वाढव, दोन्ही बाजूंना सारखं, दुखलं की थांब.

पण मोठ्यांचं ऐकायचं असतं तर कॉलेज कशाला सोडलं असतं? मी एक्स-रे बाल्कनीच्या काचेवर चिकटवला. मणका डावीकडे झुकलेला. म्हणजे उजवी बाजू कमजोर, हे मीच ठरवलं. दोन महिने उजव्या हाताने दुप्पट डंबेल मारले. बाबांनी विचारलं, एकाच हाताने का? म्हटलं, तुम्हाला यातलं काही कळत नाही.

उजवा खांदा ठणकायला लागला, तेव्हा चिठ्ठीसाठी गेलो. बाबा न बोलावता बरोबर. फिजिओ अक्कांनी मला पुढे वाकवलं, पाठीवरून हात फिरवला.

"उजवी कमजोर, हे कोणी सांगितलं?"

मी ऐटीत फिल्म खिडकीशी धरली. त्यांनी ती काढून घेतली, उलटी केली आणि परत धरली. मणका उजवीकडे गेला.

मी बाबांवरच घसरलो. "रोज त्याच काचेसमोर चहा पिता, ड्रॉइंग तपासायचात ना? फिल्म उलटी लावलीय हे तुम्हालाही दिसलं नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसलं," बाबा म्हणाले. "पण मला यातलं काही कळत नाही ना."

अक्का म्हणाल्या, बाजू कुठलीही असो, आपल्या मनाने एकाच हाताला जास्त वजन द्यायचं नाही. खांदा बरा होऊ दे, मग रिकाम्या बारपासून सुरुवात, सरी, कळलं ना? आणि चिठ्ठी दिली: 'वजन उचलायला हरकत नाही. एक्स-रे वाचायला सक्त मनाई.'

अण्णांनी ती जिमच्या मोठ्या आरशावर चिकटवली. नोकरी मिळाली. सध्या काम एवढंच, रोज सकाळी तो आरसा पुसायचा.