गीताबाईंची अद्रक

गीताबाई लग्न होऊन फुलंब्रीजवळच्या वस्तीवर आल्या, तेव्हा माहेराहून, पिशोरहून, त्यांनी अद्रकीचं बेणं आणलं. बेणं म्हणजे लावायला ठेवलेले, डोळे फुटलेले तुकडे. त्याला आता अडतीस वर्षं झाली. दर साली त्यांनी आपल्याच पिकातलं बेणं निवडलं, सावलीत जपलं, मे महिन्यात परत लावलं. मागेल त्याला दिलंही. कुणाला दिलं, ते काही लिहून ठेवलं नाही.

त्यांचा मुलगा आकाश संभाजीनगरात माझ्याच ऑफिसात आहे. त्याच्या थर्मासातल्या चहाला जो वास यायचा, त्याची चौकशी करता करता मी बाईंपर्यंत पोचलो.

चार वर्षांमागे ऑगस्टात पावसानं आठ दिवस उसंत दिली नाही. वाफ्यांत पाणी साचलं, पानं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर सगळी अद्रक कुजलेली. हाताला लगदा लागला. बियाण्यापुरतीही वाचली नाही.

"आई, बाजारातून दुसरं बेणं आणू," आकाश म्हणाला.

"दुसरं आणता येईल रे," बाई म्हणाल्या, "पण चूक माझी हाय. सगळी एकाच खोलगट रानात लावली."

 आजवर कुणाकुणाला बेणं दिलं ते नीट आठवेना, म्हणून तिसऱ्या दिवशी त्या एसटीनं पिशोरला गेल्या. माहेरच्या रानात आता नुसता मका होता. भावजयीनं सांगितलं, की अकरा वर्षांमागं गावातल्याच सुलेखानं आपल्याकडून पोतंभर बेणं नेलं होतं, तिच्याकडे बघा.

सुलेखाचं रान कमरेएवढं हिरवं उभं होतं. बाईंनी बांधावर बसून एका रोपाच्या बुडाची माती बोटानं उकरली, कोवळी कांडी मोडून हुंगली.

"हीच!" त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

सुलेखा जरा अवघडली. "काकू, अकरा वर्षं आमच्या मातीत वाढली. आता ती आमची नाय का?"

"व्हय, तुझीच. म्हणून तर मागायला आले."

मग सुलेखानं बोटांवर मोजत सांगितलं, तिच्याकडून बिडकीनच्या नणंदेनं नेली, नणंदेकडून आणखी दोघांनी. बाई ऐकतच राहिल्या. आपण बुडालो म्हणून रडत होतो, आणि या अद्रकीचा संसार एवढा पसरलेला!

फेब्रुवारीत सुलेखानं स्वतः बेणं आणून दिलं. आकाशनं सुट्ट्या घेऊन उंच गादीवाफे केले, पाणी निघायला चर खोदले.

यंदा काढणीला मी गेलो होतो. बाईंनी एक गड्डा धुऊन माझ्या हातात दिला. मधोमध काळपट, सुरकुतलेला तुकडा होता, भोवती रसरशीत बोटं.

"मधला तो गेल्या सालचा," त्या म्हणाल्या. "तो लावला म्हणून ही आली. गेल्या साली तोबी असंच कोवळं बोट होता."

"मग तुम्ही माहेराहून आणलेली मूळची कोणती?"

त्या हसल्या. "सगळीच. मधे तुटली कुठं ती? जुनं सरतंय आणि तीच पुढं चाललीय. मला दिसंल तेवढी माझी, बाकीची दुसऱ्यांच्या रानात."

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि बेणं निवडायला लागल्या. शेजारच्या कडुबाला एक पाटी द्यायची होती. त्यात त्यांनी सगळ्यांत ठसठशीत डोळ्यांचे तुकडे घातले.